टोकं बघा, नाव नंतर: सजावटी क्रॉस ओळखायचे कसे आणि काढायचे कसे

व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकाच्या मूळ सनदेत, म्हणजे २९ जानेवारी १८५६च्या राणीच्या हुकुमात, पदकाचा आकार 'माल्टीज क्रॉस' असा नोंदवलाय. आता पदकाचा फोटो मोठा करून बघा. चारही भुजा मध्यात अरुंद, बाहेर जाताना रुंद होत गेलेल्या आणि बाहेरची कड सरळ. हा आकार माल्टीज नव्हे, त्याला क्रॉस पाटे म्हणतात. माल्टीज असता तर प्रत्येक भुजेच्या टोकाला खोल खाच दिसली असती आणि एकूण आठ अणकुचीदार टोकं मोजता आली असती.

आपल्याकडे या पदकाचं चित्र काढायची वेळ येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ साली इटलीत गाजवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर, आणि त्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ साली हे पदक मिळालं. रायगड जिल्ह्यात माणगावला घाडगे यांचा पुतळा आहे. स्मरणिकेसाठी किंवा फलकासाठी कुणी सनदेतल्या नावावरून आकार शोधायला गेलं, की हाती भलतंच चित्र लागणार.

म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकमेव नियम: नाव बाजूला ठेवा, भुजांची टोकं बघा. नाव आपोआप मिळतं. नाणी-तिकिटं जमवणारे, वसई किंवा जुन्या गोव्यात दगडी चिन्हांपुढे घुटमळणारे, चर्चच्या कार्यक्रमाच्या पत्रिका डिझाइन करणारे, सगळ्यांना पुढच्या पाच नजरांच्या क्रमाने जाता येईल.

पहिली नजर: कडेला टेकतो की मध्येच थांबतो?

युरोपीय कुलचिन्हांच्या विद्येला हेराल्ड्री म्हणतात. तिथे बाकी काही न सांगता नुसतं 'क्रॉस' म्हटलं, की उभा आणि आडवा पट्टा ढालीच्या कडेपर्यंत गेलेला असतो. इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा पांढऱ्यावर लाल क्रॉस हे त्याचं सरळ उदाहरण. भारतीय नौदलाच्या ध्वजावरही हाच क्रॉस होता. २००१ साली तो काढला, २००४ साली परत आला, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला विक्रांत नौदलात दाखल झाली त्याच दिवशी पुन्हा गेला. त्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. तो जुना ध्वज आठवत असेल तर 'कडेपर्यंत जाणारा' म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

याउलट स्वित्झर्लंडच्या झेंड्यावरचा क्रॉस कडेपासून दूर थांबतो. टोकांची सजावट अशा सुट्या क्रॉसवरच करता येते. कडेला टेकलेल्या पट्ट्याला टोकच उरत नाही. तेव्हा क्रॉस सुटा असेल तरच पुढची पाहणी करायची.

दुसरी नजर: भुजा किती आणि केवढ्या?

चारही भुजा सारख्या असतील तर ग्रीक क्रॉस. खालची भुजा लांब असेल तर लॅटिन. चर्चच्या शिखरावर आणि थडग्यांवर बहुतेक हाच. वरची भुजाच नसेल तर टाऊ, म्हणजे इंग्रजी टी अक्षर. संत अँथनी आणि फ्रान्सिस्कन साधू यांच्याशी तो जोडलेला आहे. तिरपा, गुणिलेच्या चिन्हासारखा असेल तर सॉल्टायर, म्हणजे स्कॉटलंडचा संत अँड्र्यूचा क्रॉस.

दोन आडव्या पट्ट्या असतील तर पॅट्रिआर्कल क्रॉस. हंगेरी आणि स्लोव्हाकियाच्या राजचिन्हांत तो आहे. लॉरेनचा क्रॉस याच घराण्यातला. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सेनानी द गॉल यांच्या 'स्वतंत्र फ्रान्स' या चळवळीने तो आपलं चिन्ह म्हणून घेतला. रशियन ऑर्थोडॉक्स क्रॉसला तीन पट्ट्या असतात आणि सर्वांत खालची तिरकी असते, बघणाऱ्याच्या डाव्या हाताला वर चढलेली. ही पट्टी म्हणजे पाय टेकवायची फळी. काढताना ती उलट तिरकी होण्याची चूक फार सहज होते, तेव्हा तपासून घ्या.

उलटा लॅटिन क्रॉस दिसला की लोक दचकतात. परंपरेनुसार संत पीटरला उलटं क्रुसावर चढवलं गेलं, म्हणून तो पीटरचा क्रॉस. सिनेमांनी त्याला सैतानी करून टाकलं, ही अलीकडची गोष्ट.

बिशपांच्या चिन्हात ढालीच्या मागे उभा क्रॉस असतो: बिशपला एका आडव्या पट्टीचा, आर्चबिशपला दोन पट्ट्यांचा. वर टोपी आणि दोन्ही बाजूंना गोंडे. हिरव्या टोपीला प्रत्येक बाजूला ६ गोंडे म्हणजे बिशप, १० म्हणजे आर्चबिशप. लाल टोपीला १५ म्हणजे कार्डिनल. वसई किंवा मुंबईच्या धर्मप्रांताची पत्रिका हातात आली की गोंडे मोजून बघा, चिन्ह कोणत्या पदाचं आहे ते खालचा मजकूर न वाचता कळतं. पत्रिका छापणाऱ्याने जागा कमी पडली म्हणून गोंड्यांची एक ओळ उडवली, तर त्याने त्या धर्मगुरूंची पदावनतीच केलेली असते.

तिसरी नजर: टोकं

खरी मजा इथे आहे, म्हणून इथे सावकाश थांबा.

आधी भुजेची बाजू बघा. मध्यापासून टोकापर्यंत जाडी सारखीच आहे की भुजा पसरत जाते? पसरत जात असेल आणि बाहेरची कड सपाट असेल तर पाटे. प्रशियाच्या (जुन्या जर्मन राज्याच्या) राजाने १८१३ साली सुरू केलेलं आयर्न क्रॉस हे लष्करी पदक याच आकाराचं. पसरत जाते पण टोकाला आत शिरणारी खाच आहे, भुजांच्या बाजू अगदी सरळ आहेत आणि मध्यात चारही भुजा जणू बिंदूत मिळतात, तर माल्टीज. हा हॉस्पिटलर सरदारांचा, म्हणजे संत जॉनच्या पंथाचा क्रॉस. माल्टा बेटावर १५६५ साली तुर्कांचा वेढा परतवणारे तेच. आठ टोकांचा अर्थ येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या आठ 'धन्य' वचनांशी लावतात, तर कुणी पंथाच्या आठ भाषिक शाखांशी. आपल्याकडे सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या प्रथमोपचार वर्गाचं प्रमाणपत्र कुणाच्या घरी असेल तर त्यावर हा क्रॉस सापडेल.

पोर्तुगालच्या ऑर्डर ऑफ ख्राइस्टचा लाल क्रॉस या दोघांहून वेगळा. टेम्पलर या धर्मयोद्ध्या सरदारांचा पंथ मोडल्यावर त्यांची पोर्तुगालमधली मालमत्ता घेऊन १३१९ साली हा पंथ उभा राहिला. याच्या भुजा बराच वेळ सरळ जातात आणि टोकाशी कोन करून एकदम रुंदावतात. लाल क्रॉसच्या पोटात एक बारीक पांढरा क्रॉस असतो. पोर्तुगीज दर्यावर्दींच्या शिडांवर हाच होता, त्यामुळे गोव्याच्या इतिहासावरच्या चित्रांत तो वारंवार भेटतो. त्या चित्रांत शिडांवर कुणी माल्टीज क्रॉस काढला असेल तर ती चूक समजावी.

भुजेची जाडी सारखी असेल तर सजावट फक्त टोकाला असते. टोकावर आडवी पट्टी मारून टी केला असेल तर पोटेंट. टोकावर पुन्हा छोटा क्रॉस असेल तर क्रॉसलेट. दोघांत घोळ होतो. पोटेंटमध्ये आडव्या पट्टीच्या पलीकडे काहीच नसतं, क्रॉसलेटमध्ये भुजा पट्टी ओलांडून पुढे डोकावते. टोकाला एकच गोळा असेल तर पॉमे. तीन गोल पाकळ्या असतील तर बॉटनी. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या झेंड्यावर, लाल-पांढऱ्या भागांत, हा क्रॉस आहे. फ्रान्समधल्या तुलूजचा ओक्सिटन क्रॉस बारा टोकांचा असतो आणि प्रत्येक टोकावर गोळी असते.

सगळ्यांत फसवणारं त्रिकूट म्हणजे मोलिन, फ्लोरी आणि पाटोन्स. तिन्हींची टोकं वळणदार, लांबून एकसारखी दिसतात. भिंग लावा आणि दोन प्रश्न विचारा. टोकाला फाटे किती? दोनच असतील, एक डावीकडे वळलेला आणि एक उजवीकडे, मध्ये काही नाही, तर मोलिन. गिरणीच्या दगडाच्या मध्यभागी बसवायच्या लोखंडी तुकड्यावरून हा आकार आला. फाटे तीन असतील तर दुसरा प्रश्न: भुजा सरळ येऊन टोकाला लिलीचं फूल चिकटवल्यासारखं दिसतं, की भुजाच हळूहळू रुंदावत जाऊन तिची तीन टोकं होतात? पहिलं फ्लोरी, दुसरं पाटोन्स. स्पेनच्या कालात्रावा पंथाचा लाल क्रॉस फ्लोरी घराण्यातला. झिजलेल्या दगडावर मधला फाटा आधी तुटतो, म्हणून दगडावर मोलिन दिसला तर लगेच शिक्का मारू नका. मधे तुटल्याची खूण आहे का ते बोटाने चाचपून बघा.

चौथी नजर: पाया आणि आजूबाजू

खालची भुजा निमुळती होत टोकदार झाली असेल तर मूळ नावापुढे 'फिची' लावतात. जमिनीत रोवता येईल असा क्रॉस. सँटियागो पंथाच्या लाल क्रॉसमध्ये तर खालची भुजा सरळ तलवारीचं पातंच आहे.

पायऱ्यांवर उभा लॅटिन क्रॉस म्हणजे कॅल्व्हरी क्रॉस. तीन पायऱ्या श्रद्धा, आशा आणि प्रीती यांच्या. गोव्यात, वसईत, मुंबईच्या जुन्या गावठाणांत रस्त्याकडेला पायऱ्यांच्या चौथऱ्यावरचे क्रूस दिसतात. त्यांतल्या जुन्या दगडी क्रुसांच्या अंगावर कोरीव काम असतं: शिडी, हातोडा, खिळे, सांडशी, फासे, कोंबडा. ही सगळी येशूच्या यातनांची साधनं आणि खुणा. खिळे हातापायांचे, फासे सैनिकांनी वस्त्रासाठी टाकले ते, कोंबडा पीटरने येशूची ओळख नाकारल्यावर आरवला तो. पायथ्याशी कवटी आणि हाडं दिसली तर स्मशानाशी संबंध लावू नका. क्रूस उभारला त्या टेकडीचं नाव गोलगोथा, म्हणजे कवटीची जागा, आणि परंपरा म्हणते की आदमची कवटी तिथेच पुरलेली. चुना आणि ऑइलपेंटच्या थरांखाली हे कोरीव काम पार बुजून गेलेलं असतं. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना जा, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा, समोरून नको. सावलीमुळे उठाव दिसतो.

जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकाच्या दर्शनी भागावर आय, एच, एस ही येशूच्या नावाची अक्षरं आहेत. मधल्या एचच्या आडव्या दांडीवर उभा केलेला क्रॉस हा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा शिक्का, कुण्या घराण्याचं कुलचिन्ह नव्हे. पोर्तुगीज राजचिन्हाबाबत आणखी एक फसगत होते. मोठ्या ढालीत पाच छोट्या ढाली क्रॉसच्या आकारात मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीत पाच ठिपके. मांडणी क्रॉसची असली तरी ते क्रॉस नव्हेत, त्यांना टोकांचे नियम लावू नका.

आणि काही क्रूस हेराल्ड्रीच्या कक्षेतच येत नाहीत. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवरचा, केरळमध्ये कोट्टायमचा, असे पहलवी या जुन्या इराणी भाषेतला लेख असलेले जुने दगडी क्रूस आहेत. टोकांना कळीसारखा फुगवटा, वरून उतरणारं कबुतर, पायथ्याशी पाकळ्या, भोवती कमान. बॉटनीशी ते थोडे जुळतात म्हणून बॉटनी म्हणून मोकळं होणं चूक. हा पूर्वेकडच्या सिरियाक ख्रिस्ती परंपरेचा वारसा. फ्रेंच-इंग्रजी नावांची पाटी त्याला लावायचं कारण नाही.

पाचवी नजर: रंग

हेराल्ड्रीत रंगांचे दोन गट. सोनं आणि चांदी (चित्रात पिवळा आणि पांढरा) हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, हा नियम. लांबून ओळखू यावं हा त्यामागचा हेतू. जेरुसलेमच्या राज्याचं चिन्ह हा नियम उघड मोडतं: चांदीवर सोन्याचा क्रॉस. मधला मोठा क्रॉस पोटेंट आणि चार कोपऱ्यांत चार छोटे. पाच क्रॉस म्हणजे येशूच्या पाच जखमा, असा एक अर्थ. जॉर्जिया देशाचा २००४ साली स्वीकारलेला झेंडा याच्यासारखा वाटतो, पण तिथला मोठा क्रॉस कडेपर्यंत गेलेला आहे. पहिली नजर इथेच कामाला येते.

काळ्या-पांढऱ्या छपाईत किंवा धातूवर कोरताना रंग कसे दाखवायचे, यासाठी सिल्व्हेस्टर पेट्रा सांक्टा या जेझुइटाच्या नावाने ओळखली जाणारी रेघांची पद्धत १७व्या शतकापासून चालते. आडव्या रेघा निळा, उभ्या रेघा लाल, ठिपके सोनं, कोरं म्हणजे चांदी, आडव्या-उभ्यांची जाळी काळा. तिरप्या रेघा बघणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली येत असतील तर हिरवा, उलट असतील तर जांभळा. जुन्या पदकांवर आणि नाण्यांवर ढालीत बारीक रेघा दिसल्या तर त्या नक्षी समजू नका, रंगाची माहिती आहे ती.

डावं-उजवं मात्र ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, बघणाऱ्याच्या नव्हे. वर्णनात 'उजवीकडे' लिहिलं असेल तर तुमच्या कागदावर ते डावीकडे येणार.

आता काढायला बसू

आलेख कागद, कंपास, गुण्या आणि टोकदार पेन्सिल एवढं पुरे. माझं मत स्पष्ट आहे: कम्प्युटरवर करायचं असलं तरी एकदा हाताने काढा, प्रमाणं डोक्यात बसतात.

स्विस क्रॉस आधी. ३२ बाय ३२ घरांचा चौरस घ्या. चारी बाजूंनी ६ घरं सोडा, मध्ये २० घरं उरतात. पट्टीची रुंदी ६ घरं, म्हणजे प्रत्येक भुजा ७ घरं बाहेर येते. भुजा रुंदीपेक्षा किंचित लांब, एक षष्ठांशाने. हेच पाच सारख्या चौरसांचं करून बघा, क्रॉस बुटका वाटायला लागतो.

पाटे. १२ सेंटिमीटरचा चौरस काढा, मध्य खूण करा. मध्याभोवती २ सेंटिमीटरचा छोटा चौरस काढा. मोठ्या चौरसाच्या प्रत्येक बाजूवर, दोन्ही कोपऱ्यांपासून २ सेंटिमीटरवर खुणा करा. एकूण आठ होतील. प्रत्येक खूण छोट्या चौरसाच्या जवळच्या कोपऱ्याला सरळ रेघेने जोडा. सरळ बाजूंचा पाटे तयार. आयर्न क्रॉससारखी वळणदार बाजू हवी असेल तर सरळ रेघेऐवजी कंस काढायचा. कंपास ६ सेंटिमीटर उघडा, रेघेच्या दोन्ही टोकांवरून भुजेच्या बाहेर, खाचेच्या बाजूला, दोन छोटे कंस मारा. ते छेदतात त्या बिंदूत कंपासचं टोक रोवून दोन्ही टोकांमधून जाणारा कंस ओढा. बाजू मध्याशी जवळजवळ सरळ निघते आणि बाहेर जाताना झोकात वळते. कंपास ६ पेक्षा बराच कमी उघडला तर भुजेची कंबर मध्येच आवळली जाते आणि आकार बिघडतो.

माल्टीज. पुन्हा १२ सेंटिमीटरचा चौरस. प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूपासून दोन्हीकडे अडीच सेंटिमीटरवर खुणा, एकूण आठ. हीच ती आठ टोकं. आठही खुणा चौरसाच्या मध्याला सरळ जोडा. मग प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूपासून आत २ सेंटिमीटरवर एक बिंदू घ्या आणि शेजारच्या दोन टोकांना जोडा, खाच झाली. पूर्ण भुजांचा कोन आणि मधल्या मोकळ्या जागेचा कोन जवळपास सारखाच, ४५ अंश येतो, म्हणून आकार डोळ्याला इतका शांत वाटतो. मात्र व्हायनल, थर्माकोल किंवा पत्रा कापायचा असेल तर भुजा मध्यात बिंदूत मिळू देऊ नका; तिथे दीड-दोन मिलिमीटरचा जोड ठेवा, नाहीतर कापल्यावर चार सुटे तुकडे हातात येतील.

जेरुसलेम क्रॉस आलेख कागदावर चटकन होतो. २२ बाय २२ घरं. मध्यातून उभी आणि आडवी पट्टी, दोन्ही २ घरं जाड. चारही टोकांना ८ घरं लांब, २ घरं जाड आडवी टोपी, २२ घरांच्या आतच. मध्यापासून ५ घरं बाजूला आणि ५ घरं वर गेल्यावर पहिल्या छोट्या क्रॉसचा मध्य. तो ६ घरं लांब, २ घरं जाड, चारही भुजा सारख्या. बाकी तीन तसेच. छोट्या क्रॉसभोवती १ घराची फट राहते, ती भरू देऊ नका. शिक्का किंवा भरतकाम लहान आकारात करायचं असेल तर छोट्या क्रॉसची जाडी थोडी कमी करा, शाई किंवा दोरा पसरतोच.

फ्लोरी आणि पाटोन्स कंपासने काढायला जाऊ नका. अर्ध्या भुजेचं, म्हणजे क्रॉसच्या आठव्या भागाचं वळण हाताने नीट काढा, ट्रेसिंग पेपर घडी करून उरलेले सात भाग उतरवा. अर्धी भुजा नीट जमली की काम झालं.

कुठे काय वापरू नये

पांढऱ्यावर लाल सुटा ग्रीक क्रॉस दवाखान्याच्या पाटीवर, औषधाच्या दुकानावर किंवा खासगी रुग्णवाहिकेवर रंगवू नका. १८६४च्या जिनिव्हा करारापासून ते युद्धकाळातल्या वैद्यकीय सेवेचं संरक्षक चिन्ह आहे, आणि भारतात जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायदा, १९६० नुसार परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे. हाच कायदा लालवर पांढऱ्या स्विस क्रॉसलाही लागू होतो. औषधाच्या दुकानाला हिरवा क्रॉस चालतो.

टॅटू काढून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. उंच आयरिश केल्टिक क्रॉस, ज्याच्या छेदाभोवती वर्तुळ असतं आणि अंगावर विणकामासारखी नक्षी असते, तो धार्मिक वारसा आहे. पण आखूड, सारख्या भुजांचा, नक्षी नसलेला वर्तुळातला क्रॉस युरोप-अमेरिकेतल्या गौरवर्णवर्चस्ववादी गटांनी उचललेला आहे. तिकडे राहणाऱ्यांनी किंवा जाणाऱ्यांनी तो अंगावर कोरून घेऊ नये. केल्टिक हवाच असेल तर लांब दांड्याचा, गाठींच्या नक्षीसकट घ्या, आणि टॅटूवाल्याला नावाऐवजी चित्र दाखवा.